इथून मनात

३ फेब्रुवारी

चि. स्वल्पू,

तुला हे नाव मी दिलं, कारण जन्मल्यावर तू पाळण्यात स्वल्पविरामासारखी वळून झोपायचीस. आता तोच स्वल्पविराम कॉलेजात जाऊन कादंबरीतल्या व्यक्तिरेखा आणि आशयसूत्रं शोधतो आहे, आणि म्हाताऱ्या आजोबाकडे शिकवणी मागतो आहे. या वयात विद्यार्थिनी मिळाली म्हणून मी दोन दिवस घरात छाती काढून फिरतोय. तुझी मामी म्हणाली, "बाबा, खुर्चीला धडकाल."

पुस्तक पोचलं. माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊक आहेच. मधोमध एक धुरकट चकती बसली आहे. कडेकडेचं दिसतं, पण जे बघावं तेच नेमकं नाहीसं होतं. ओळीवर फूटपट्टी ठेवून अंदाजानं लिहिता येतं, पण लिहिलेलं वाचता येत नाही. थोडक्यात, मी आता पुष्कळशा लेखकांसारखा झालो आहे.

वाचायचं काम मामीचं. ती दिवसभर दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारते आणि संध्याकाळी मला कादंबरी पुकारते. "प्रकरण तिसरं!" म्हणाली की वाटतं, आता कुणीतरी बाकावरून उठून आत जाणार. पण वाचते मन लावून.

काय विलक्षण शहर आहे गं ते! राज्यकर्त्यांनी दुःखाचे सगळे शब्द बंद केलेत. कुणी 'मेला' म्हणायचं नाही, 'रडलो' लिहायचं नाही. प्रत्येक पत्र एका कचेरीत जातं, आणि तिथला कारकून, तो गाळणीवाला, पातीनं नको ते शब्द कापून पत्र पुढे धाडतो. अजून निम्मंच झालंय. प्राध्यापकांनी काय प्रश्न दिलेत ते कळव.

आणि तुझ्या आईला म्हणावं, फोनवर "खोकला आहे" एवढंच बोलून फोन लगेच पोरीच्या हातात देतेस, हे बरं नाही. शिवणाचं दुकान एवढं जोरात चालतं का? ती माझ्याच वर्गात होती, ठाऊक आहे ना? वर्गात मला "सर" म्हणायची आणि घरी "बाबा". शाळेच्या फाटकापाशी मात्र तिचा घोळ व्हायचा. तिथे काय म्हणायचं ते ठरेना, म्हणून नुसती माझी बाही ओढायची. कवितेला चाल लावली की पहिला आवाज तिचा. बाकीची पोरं मागून रांगत यायची.

तिला म्हणावं, बाबा वाट बघतात.

तुझे आजोबा

•

१३ फेब्रुवारी

प्रिय आजोबा,

तुमचं अक्षर अजून माझ्यापेक्षा सरळ आहे! माझ्या मैत्रिणींना पत्र दाखवलं, तर एक म्हणाली, "यांना फूटपट्टीशिवाय लिहायला सांग, मग बघू." मी भांडले तिच्याशी.

प्रश्न असा आहे: गाळणीवाल्याची व्यक्तिरेखा रेखाटा. तो क्रूर की दयाळू? विशेषतः त्या आईच्या संदर्भात, जिचा मुलगा लढाईत गेला आहे आणि गाळणीवाला ती बातमी कापून बाकीचं पत्र तिला पोचवतो. ती रोज मुलाचं ताट वाढून ठेवते. आमचे अर्धे लोक म्हणतात तो राक्षस आहे. मला तसं चटकन म्हणवत नाही. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हेही लिहा. लवकर लिहा.

इथून मनात.

मामी, हे आजोबांना वाचून दाखवू नकोस. आईचं खोकल्याचं नाही. गाठ घशातून खाली उतरली आहे. परवा डॉक्टरांनी पप्पांना केबिनमध्ये बसवून सांगितलं की आता उपचार थांबवू, फक्त त्रास कमी ठेवू. महिना, फार तर दीड. आवाज जवळजवळ गेलाय. आई पाटीवर लिहून बोलते. तिनं पहिलं काय लिहिलं सांगू? 'बाबांना कळवायचं नाही.' मामा गेला तेव्हा आजोबांची वाचा सहा महिने बंद होती, ते तिला विसरता येत नाही. म्हणते, दुसऱ्यांदा ते परत बोलणार नाहीत.

मला काय करावं कळत नाही. त्यांना आणावं, भेटवावं असं रोज वाटतं. आईपुढे शब्द काढला की ती तोंड फिरवते. म्हणून वरचा प्रश्न मी वाढवलाय. 'त्याच्या जागी तुम्ही असता तर' हे वाक्य प्राध्यापकांचं नाही, माझं आहे. आजोबा जे उत्तर देतील ते मी करणार. 'क्रूर' म्हणाले तर आईचा शब्द मोडून तुम्हा दोघांची तिकिटं काढते.

इथून मोठ्यानं.

आई छान आहे. तुमची फाटकाची गोष्ट ऐकून खूप हसली.

तुमची स्वल्पू

•

२१ फेब्रुवारी

चि. स्वल्पू,

आधी एका गोष्टीबद्दल तुझी पाठ थोपटतो. तुझी मामी वाचता वाचता "इथून मनात" म्हणाली आणि गप्प झाली. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "तसंच लिहिलंय तिनं." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला! वर्गात धडा मोठ्यानं वाचून झाला की मी म्हणायचो, "इथून मनात", आणि सगळा वर्ग ओठ मिटून वाचायला लागायचा. बाहेरच्या झाडावरच्या साळुंक्या तेवढ्या ऐकू यायच्या. तू या आंधळ्या आजोबासाठी पत्रात तशी मोकळी जागा सोडलीस! वाचण्यासारखं समोर काही नाही, तेव्हा म्हाताऱ्यानं मनातलंच काही वाचावं. किती कविमनाची आहेस गं.

मी वाचलं बरं का. तुझी आई आठ वर्षांची, तापात पडलेली, माझ्या मांडीवर डोकं. मी म्हणतोय,

"पाण्याला कुणी शिकविले गाणे,
 दगडाला कुणी ऐकविले?"

आणि ती ग्लानीतच पुढची ओळ पुरी करते. ही कविता माझीच, कुठे छापली नाही. तिच्याखेरीज कुणाला पाठही नाही. मामी बराच वेळ गप्प होती, मलाही घाई नव्हती. "इथून मोठ्यानं" म्हणताना तिचा आवाज बसला होता. दवाखान्यात दिवसभर ओरडून घशाचं काय होणार! पुढल्या प्रत्येक पत्रात अशी जागा सोड.

आता प्रश्न. स्वच्छ लिही: दयाळू. आणि शब्दाखाली रेघ मार.

क्रूर माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही. याला तर इतकं दिसतं की तो ते कापून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवतो. कापलेल्या पट्ट्या तो जाळत नाही, हे लिहायला विसरू नकोस. तिथे गुण आहेत. ती आई ताट वाढते म्हणजे फसवली जाते, असं तुझे अर्धे लोक म्हणतील. मी म्हणतो, ती जेवते, झोपते, शेजारणीशी भांडते. जगते ना?

त्याच्या जागी मी असतो तर, असं विचारतेस. तुझा मामा गेला तेव्हा एक माणूस दारात येऊन उभा राहिला आणि एका वाक्यात सगळं सांगून मोकळा झाला. मी हातातला कप खाली ठेवला, तो पुन्हा उचलायला सहा महिने लागले. त्या दिवशी दारापाशी कुणी गाळणीवाला असता तर मी त्याचे पाय धरले असते. ज्याला जे पेलणार नाही, ते त्याच्या डोक्यावर ठेवू नये. मीही कापलं असतं, पोरी.

आशयसूत्राचं पुढच्या पत्रात. आईला सांग, पुढची ओळ तिनं मला फोनवर म्हणून दाखवायची आहे.

तुझे आजोबा

•

२२ फेब्रुवारी

स्वल्पू,

बाबांचं पत्र काल टाकलं, हे माझं वेगळं. त्यांनी काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. लिहिताना पुटपुटतात.

आधी माझा गाढवपणा. समोर कागद आला की मोठ्यानं वाचायचं, बावीस वर्षांची सवय. 'इथून मनात' तोंडातून गेलं, आणि पुढचं मी मनात वाचलं. ते शेजारी डोळे मिटून हसत होते. असं सुंदर हसू मी त्यांच्या तोंडावर तुझा मामा होता तेव्हा पाहिलं होतं. मी कागद धरून बसले. रडायचं तर आवाज होणार, म्हणून नाक दाबून धरलं. तेच त्यांना घसा बसल्यासारखं वाटलं.

आता माझं ऐक. त्यांनी उत्तर पुस्तकातल्या माणसासाठी दिलंय. तू ते घरात लावू नकोस. त्यांना काय विचारलं जातंय ते ठाऊकच नव्हतं, मग त्यांचं उत्तर कसलं धरतेस? एक फोन कर. मी दोन वाक्यांत सांगते, औषधांची पिशवी भरते, हात धरून गाडीत बसवते. पुढचं पुढे बघू. बोलणं बंद पडलं तर पडलं. माझ्याशी असंही फारसं काय बोलतात? "चहात साखर कमी."

पण ताईंनी मला फोनवर त्या घोगऱ्या आवाजात सांगितलंय, वहिनी, माझ्या मुलीला विचारल्याशिवाय काही करू नकोस. म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत थांबले आहे. लवकर सांग.

मामी

•

४ मार्च

मामी,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. आणि आजोबांचं आईला वाचून दाखवलं. 'मीही कापलं असतं' इथे ती हसली आणि पाटी ओढून घेतली. लिहिलं, 'बघ. त्यांनी स्वतःच सांगितलं.' मग बराच वेळ पाटी पुसलीच नाही, उशाला तशीच ठेवली.

मी काय करू? मामी, ती इतकी शांत झालीय त्या पत्रानंतर. इतके दिवस धाकधूक होती, ती गेली. मी आता आजोबांना बोलावलं तर तिची ती शांतता मोडेल. नको सांगूस. माझं उत्तर हेच.

पण एक कर. तिला त्यांचा आवाज हवाय. रोज संध्याकाळी सहाला फोन लावून त्यांच्या हातात दे. त्यांना सांग, आई दुकानात मशीनवर असते, फोन स्पीकरवर ठेवते, काम करता करता ऐकते, बोलायला सवड नसते. त्यांनी फक्त बोलावं. कविता म्हणाव्यात. मी तिच्या कानाशी धरते.

निबंध देऊन आले. आजोबांचीच वाक्यं लिहिली, पट्ट्यांसकट.

स्वल्पू

•

१७ मार्च

चि. सौ. दुकानदारीणबाईस,

तुझ्या बापाचं पत्र. स्वल्पूनं वाचायचं नाही, तुझं तू वाच.

आज आठवडाभर रोज सहाला मी फोनमध्ये बोलतोय. सगळी जुनी पाठ्यपुस्तकं म्हणून झाली. पावसाच्या कविता झाल्या, मांजराच्या झाल्या, शिपाई आणि राजकन्या झाल्या. तिकडून एक हूं नाही की चूं नाही. मशीनचा आवाजसुद्धा येत नाही! मी तुझी ओळ मागितली, तीनदा मागितली. "पाण्याला कुणी शिकविले" म्हणून थांबलो, तर नुसता श्वासाचा आवाज. मला वाटतं तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना मी गंमत म्हणून ऐकवला जातो.

एवढी कसली गं मोठी झालीस? वर्गात कुणी लक्ष दिलं नाही तर मी शिक्षा करत नसे, पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहायचो. आठवतं? मग तूच उठून यायचीस. तर आता मी पुस्तक मिटलं आहे. उद्यापासून फोन बंद. सूनबाईनं किती आर्जवं केली तरी हातात घेणार नाही. तू स्वतः चार ओळी लिहिल्यास, किंवा फोनवर एकदा नीट "बाबा" म्हणालीस, की रुसवा संपला.

वाट बघतो आहे.

बाबा

•

२ एप्रिल

मामी,

तू फोनवर विचारलंस की शेवटचे दिवस कसे होते, आणि मी म्हणाले, लिहून कळवते. हे लिहिते आहे.

अठरा तारखेला सहा वाजले आणि फोन आला नाही. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाइन खराब असेल. एकोणीसला तिनं फोन स्वतःच उशीवर ठेवून घेतला, कान त्याच्यावर. वीसला पाटीवर लिहिलं, 'बाबा रुसले का?' अक्षरं एकमेकांवर चढली होती. मी म्हटलं, छे गं, फोन बिघडलाय, मामी दुरुस्त करून घेतेय. तू किती प्रयत्न करत होतीस ते मला माहीत होतं, आणि ते ऐकत नव्हते हेही.

एकवीसला त्यांचं पत्र आलं. पाकिटावर तिचं नाव. ती म्हणाली, म्हणजे खुणेनं, वाच. मामी, मी वाचायला लागले आणि पहिल्या परिच्छेदानंतर त्यांचे शब्द सोडून दिले. मी मनानं रचत गेले. 'तू किती छान ऐकतेस' असं वाचलं. 'तुझा श्वास ऐकू आला तरी मला पुरतं' असं वाचलं. शेवटचं 'वाट बघतो आहे' तेवढं खरं वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं असणार. सरांची मुलगी ती, बाबांची वाक्यं कुठली आणि माझी कुठली हे तिला कळलं नसेल का? तिनं फक्त माझा हात थोपटला.

बावीसला सकाळी, पप्पा पडदा सरकवत होते तेव्हा.

निबंधाला वर्गात सगळ्यात जास्त गुण पडलेत. प्राध्यापकांनी लाल शाईनं शेरा दिलाय, 'अत्यंत समंजस विवेचन.' मी तो कागद घरी आणला नाही.

आजोबांना तू सांगितलंस तेव्हा ते काय म्हणाले? बोलतात का? मला फोन करायची हिंमत होत नाही.

स्वल्पू

•

१४ एप्रिल

माझ्या बाळा,

बोलतो आहे. हे आधी सांगतो, कारण तुझा जीव त्यात अडकला असेल.

सूनबाईनं मला सकाळच्या उजेडात खुर्चीवर बसवून, दोन्ही हात धरून सांगितलं. मी ओरडलो. शेजारचे धावत आले. मग दिवसभर बोलत राहिलो. तिचं बारसं, तिचा ताप, तिचं फाटकाशी उभं राहणं, सगळ्या गल्लीला सांगत होतो. वाचा गेली नाही. ज्या भीतीनं सगळे दबून राहिले होते, तसं काही झालंच नाही.

मग मी तुझी पत्रं काढायला लावली, आणि जिथे सूनबाई थांबली होती तिथलं सगळं वाचायला लावलं. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, आता काय उरलंय? तिनं वाचलं. सावकाश, न पुकारता. तू मामीला लिहिलेलं, परवा आलेलं पत्रही वाचलं, एकवीस तारखेसकट.

कादंबरीही परवा संपली. शेवटी ती आई कचेरीत जाते आणि गाळणीवाल्याकडे फक्त कापलेल्या पट्ट्या मागते. लेखकानं हे एका पानात उरकलं आहे. तो तरुण असावा.

तुझ्यावर राग नाही. तू प्रश्न विचारलास आणि मी वर्गात फळ्यापुढे उभा राहिल्यासारखं उत्तर दिलं, निम्मं पुस्तक वाचून. ऐकणारी खरंच माझ्या शब्दावर पाऊल टाकणार आहे, हे मला कुठून ठाऊक असणार? तुला कुठून ठाऊक असणार? तू वीस वर्षांची. तुझ्या आईवरही राग नाही. तिनं मला जपलं. सगळ्यांनी मला इतकं जपलं की मी तिच्यावर रुसून बसलो. तिचे शेवटचे चार दिवस मी हातात फोन घेतला नाही गं. सूनबाई समोर धरून उभी होती, आणि मी मान फिरवून खिडकीशी.

आता जे लिहितो ते उत्तरपत्रिकेसाठी नाही. तुझा मामा गेला तेव्हा माझी वाचा गेली, ती बातमी ऐकून गेली असं सगळे धरून चालले. मीही तसंच धरलं होतं, तुला तसंच लिहिलं. या दिवसांत उलगडलं. ती बातमीनं गेली नव्हती. तो परक्या गावात, परक्या माणसांत गेला, आणि मी त्या वेळी इथे चहा पीत होतो, म्हणून गेली. त्याच्याजवळ मी नव्हतो. एवढंच होतं ते. कुणी विचारलं नाही, आणि मला स्वतःला विचारायचं सुचलं नाही. विचारलं असतं तर तुझ्या पहिल्या पत्राला मी लिहिलं असतं, क्रूर, क्रूर, तिकिटं काढ.

सुट्टी लागली की ये. लिहू नकोस, ये. मला तिच्या हातांचं सांग. शेवटी गार होते का? केस कोण विंचरत होतं? कुठल्या कुशीवर झोपायची? पडदा सरकवला तेव्हा उजेड तिच्या तोंडावर आला का? हे सगळं तू पाहिलंस. मला त्यातलं काहीच ठाऊक नाही. मला ठाऊक असलेली तिची शेवटची गोष्ट म्हणजे फोनमधला श्वास, आणि तोही मी गिऱ्हाइकांचा समजलो.

मला पेललं असतं, पोरी. तुम्ही सगळे मला फार म्हातारा समजलात. दोन दिवसांचा प्रवास केला असता, सूनबाईचा दंड धरून तुमचे जिने चढलो असतो. मला तिचा चेहरा दिसला नसता, मधोमध ती चकती आहेच. पण कडेनं दिसलं असतं, उशी, पाटी, तिची बोटं. मी शिकवलं नसतं, रडलो नसतो, कविताही म्हटली नसती. नुसता बसलो असतो तिच्याजवळ.

आजोबा